"पत्रा लई हलका हो साहेब": गाडी ठोकते तेव्हा नेमकं काय होतं

गाडी ठोकली की आमच्याकडं पहिला डायलॉग ठरलेला असतो. विम्याच्या क्लेमसाठी ठोकलेल्या गाड्या बघत फिरायचं काम मी बरीच वर्षं केलं, सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या गॅरेजांपासून पार मोहोळ-टेंभुर्णीपर्यंत, आणि गाडीमालक चेपलेल्या बॉनेटवर हात ठेवून हमखास म्हणणार, "आजकालच्या गाड्यांचा पत्रा लई हलका हो साहेब, आमच्या आजोबांची अँबेसिडर होती, तिला काय होत नव्हतं." आणि हे म्हणणारा माणूस स्वतः धडधाकट उभा असतो, हातात चहाचा कप. गाडी चेपली म्हणून तो उभा आहे, हे त्याच्या डोक्यात येतच नाही.

म्हणून म्हटलं एकदा निवांत लिहावं. सगळा खेळ एकाच हिशोबाचा आहे. गाडी पळत असते तेव्हा तिच्यात ऊर्जा असते, आणि गाडी थांबली की ती ऊर्जा कुठंतरी जायलाच लागते. ब्रेक लावून थांबलात तर ब्रेक आणि टायर गरम होऊन संपते. भिंतीवर जाऊन थांबलात तर पत्रा वाकवण्यात जाते, आणि पत्र्यानं नाही खाल्ली तर तुमच्या बरगड्यांना खावी लागते.

ती ऊर्जा किती असते याचा अंदाज आकड्यानं येत नाही, उंचीनं येतो. ताशी ५० किलोमीटरनं भिंतीला धडकणं म्हणजे साधारण १० मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. ८० ला ते २५ मीटर होतं, म्हणजे आठ मजले, आणि १०० ला जवळपास ४० मीटर. बघा, वेग दुप्पट केला तर उंची दुप्पट नाही, चौपट होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. शाळेत हे सूत्र सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, पण सोलापूर-पुणे हायवेला लागलं की कुणाला आठवत नाही. पुणं आपल्यापासून साधारण अडीचशे किलोमीटर, ८० नं गेलात तर तीन तास, १०० नं गेलात तर अडीच, वाचला अर्धा तास आणि अंगावर घेतलेली ऊर्जा दीडपटीपेक्षा जास्त. त्यातला अर्धा तास भिगवणला जेवणात जातोच.

आता पत्र्याकडं येऊ. समजा ५० च्या वेगात गाडी धडकली आणि पुढचा भाग ६० सेंटिमीटर चेपत चेपत थांबली, तर आत बेल्ट लावून बसलेल्या माणसावर त्याच्या वजनाच्या साधारण १६ पट जोर येतो. ६० किलोचा माणूस असेल तर एक टन, क्षणभरासाठी. भयंकर वाटतं, पण बेल्ट हा जोर खांदा, छाती आणि कंबरेच्या हाडांवर वाटून देतो, त्यामुळं निरोगी माणूस हे सहन करू शकतो. आता तीच गाडी "लई मजबूत" आहे, फक्त १० सेंटिमीटर चेपली, तर जोर ९८ पट. गाडीला ओरखडा, माणूस गेला. म्हणजे पुढचा भाग मुद्दाम मऊ, आणि माणूस बसतो तो मधला पिंजरा मुद्दाम कडक, असं डिझाईन असतं. ही आयडिया मर्सिडीजमधल्या बेला बारेनी नावाच्या इंजिनिअरची, १९५० च्या आसपासची, आणि १९५९ मध्ये ती पहिल्यांदा विकायच्या गाडीत आली. त्याच वर्षी व्होल्वोच्या निल्स बोलिननं आजचा तीन ठिकाणी धरणारा सीटबेल्ट आणला, आणि कंपनीनं त्याचं पेटंट बाकीच्या कंपन्यांना मोकळं करून दिलं. १९५९ साल या बाबतीत लई भारी होतं.

तरी ज्याला आजोबांची गाडीच भारी वाटते त्यानं अमेरिकेतली २००९ ची टेस्ट बघावी, व्हिडिओ सहज सापडतो. तिथल्या विमा कंपन्यांच्या संस्थेनं १९५९ ची शेव्हरोले बेल एअर, म्हणजे जाडजूड पत्र्याची लांबलचक गाडी, आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू समोरासमोर ताशी ६४ किलोमीटरनं आदळवल्या. जुन्या गाडीचा केबिनच कोसळला, आतल्या पुतळ्याची अवस्था म्हणजे माणूस असता तर वाचला नसता. नव्या गाडीतल्या पुतळ्याला पायाची दुखापत निघाली. पत्रा किती जाड हा प्रश्नच चुकीचा आहे, पत्रा कुठं चेपतो हे बघायचं. मी सर्व्हेला गेलो की आधी दरवाजे बघायचो. पुढचं सगळं गोळा झालंय पण चारही दरवाजे हातानं उघडतायत, म्हणजे गाडीनं आपलं काम चोख केलं.

धडक एक दिसते पण असतात तीन. पहिली गाडीची, दुसरी तुमच्या अंगाची गाडीच्या आतल्या भागाशी, आणि तिसरी तुमच्या मेंदू-लिव्हर-प्लीहा यांची तुमच्याच हाडांशी. गाडी थांबली म्हणून तुम्ही थांबत नाही, तुम्ही ५० नंच पुढं जात राहता. बेल्ट नसेल तर पुढच्या भागानं ते ६० सेंटिमीटर चेपून जी मेहरबानी केली ती फुकट जाते, कारण गाडी थांबून झाल्यावर तुम्ही स्टेअरिंगवर पोचता.

मागं बसणाऱ्यांना वाटतं आपल्यापुढं सीट आहे, गादीच आहे. कायद्यानं मागच्यांनाही बेल्ट बंधनकारक आहे, हे ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले तेव्हा देशाला कळलं, ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. मागचा माणूस बिनबेल्टचा असेल तर तो पुढच्या सीटवर मागून येऊन आदळतो, म्हणजे बेल्ट लावून शहाण्यासारखा बसलेला पुढचा माणूसही त्यात सापडतो. घरच्यांना सांगायचं असेल तर असं सांगा, "तू नाही लावलास तर मला लागंल." हे पटकन पटतं, माझा अनुभव आहे.

आणि मांडीवरचं बाळ. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहितो. दहा किलोचं पोरगं, वरच्याच हिशोबानं १६ पट, म्हणजे १६० किलो. आपल्या मार्केट यार्डातली कांद्याची ५० किलोची गोणी डोळ्यापुढं आणा, तशा तीन गोण्या अचानक हातातून ओढल्या जातायत. कुठली आई धरणार? मायेचा प्रश्न नाही, ताकदीचा आहे. आणि बाळ मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसणं तर अजून वाईट, कारण समोर एअरबॅग आहे.

एअरबॅगबद्दल लोकांना वाटतं ती उशी आहे. ती उशी नाही, छोटा स्फोट आहे. सेन्सरला धडक कळल्यापासून साधारण ३० मिलिसेकंदात बॅग फुगते, पापणी लवायला यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. तुमचं अंग बेल्टनं मागं धरलंय असं गृहीत धरून तिचं टायमिंग बसवलेलं असतं. बेल्ट नसेल तर ती अजून फुगत असतानाच तुम्ही तिच्यावर जाऊन पडता. म्हणून स्टेअरिंगपासून छाती निदान २५ सेंटिमीटर लांब ठेवा, पुढच्या सीटवर डॅशबोर्डवर पाय टाकून झोपायचं नाही, आणि बाळाची मागं तोंड करून लावायची सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीच नाही. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर झकपक सीटकव्हर घालताना दुकानदाराला तेवढं विचारा, नाहीतर ती कव्हर फाडून बाहेर यायला बघते.

ते पुढं लावतात ना स्टीलचे जाड गार्ड, "कुत्रं-बित्रं आडवं आलं तर" म्हणून, ते तर मला बघवत नाही. जी गाडी चेपायला बनवली तिच्या तोंडावर तुम्ही लोखंड बांधलं, म्हणजे चेपायचं गणित बिघडलं, एअरबॅगच्या सेन्सरला धडक कळायचं टायमिंग बिघडलं, आणि रस्त्यावरच्या माणसाचे पाय मोडायची सोय झाली. केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं होतं. तसंच ते बेल्टच्या खाचेत घालायचं क्लिप, अलार्म वाजू नये म्हणून. पाचशे-हजाराची गोष्ट नाही, शंभर-दोनशे रुपयांत माणूस स्वतःला फसवायला तयार असतो.

आता सेफ्टीचे स्टार. गाड्या मुद्दाम आदळवून बघून त्यांना स्टार देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेनं २०१४ मध्ये आपल्या गाड्यांचे पहिले निकाल जाहीर केले तेव्हा बऱ्याच लोकप्रिय गाड्यांना शून्य मिळालं, तिथून खरी जाग आली. आता आपली भारत एनकॅप आहे, १ ऑक्टोबर २०२३ पासून. त्यात समोरून ६४ च्या वेगानं गाडीची फक्त ४० टक्के रुंदी अडथळ्याला आदळवतात, बाजूनं ५० नं, आणि खांबाला बाजूनं २९ नं. पण एक गोम आहे जी शोरूमवाला सांगत नाही. समोरच्या धडकेच्या टेस्टमध्ये गाडी एका ठरलेल्या अडथळ्यावर आदळते, म्हणजे साधारण आपल्याच वजनाच्या गाडीला धडकल्यासारखं. त्यामुळं पाच स्टारची छोटी हॅचबॅक आणि पाच स्टारची दोन टनी एसयूव्ही सारख्या सेफ, असा अर्थ काढायचा नाही. स्टारची तुलना एका वजनाच्या गाड्यांत.

कारण वजनाचा हिशोब फार निर्दयी असतो. २५ टनाचा भरलेला ट्रक आणि एक टनाची कार, दोघं ६० नं समोरासमोर. ट्रकचा वेग ६० वरून ५५ वर येतो, ड्रायव्हरला जोराचा धक्का. कारचा वेग पुढं ६० वरून उलट्या दिशेला ५५, म्हणजे ११५ चा फरक, एका क्षणात. कितीही स्टार असू द्या. डिव्हायडर नसलेल्या रस्त्यावर कुठंही ट्रकला ओव्हरटेक करताना "बसतंय बसतंय" म्हणत घुसतात तेव्हा मला हे ११५ आठवतं.

ट्रकच्या मागून धडक तर अजून वेगळी. कारचा चेपायचा भाग असतो बंपर ते बॉनेटच्या उंचीला, आणि ट्रकची मागची बॉडी असते त्याच्यावर, काचेच्या उंचीला. बॉनेट खाली सुळकन जातं, काहीच चेपत नाही, आणि पहिली धडक काचेला आणि तुमच्या तोंडाला. म्हणून ट्रकच्या मागं खाली आडवी पट्टी बंधनकारक आहे, कारला अडवायला. तुम्ही कधी तिच्याकडं नीट बघा, बऱ्याच ट्रकला ती वाकलेली नाहीतर नुसती शोपुरती वेल्ड केलेली दिसते.

आणि मग आपली ऊसाची ट्रॉली. हंगाम सुरू झाला की आपल्या जिल्ह्यात रात्रीचं गाडी चालवणं म्हणजे वेगळाच विषय. ऊस मागं आणि बाजूला इतका बाहेर आलेला की असलेला लाईट पण झाकला जातो, मागं दुसरी ट्रॉली जोडलेली, ट्रॅक्टरवर गाणं मोठ्यानं, त्याला मागचं काही ऐकू येत नाही. गणित करू. तुम्ही ८० नं, डिपर लाईट, म्हणजे ४०-५० मीटरपर्यंतच नीट दिसतं. दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरा, तेवढ्यात ३३ मीटर गेले, आणि चांगल्या कोरड्या रस्त्यावर ब्रेकिंगला अजून ३६ मीटर. एकूण ६९. ट्रॉली २० नं चालत असेल तर ती पुढं सरकत असते म्हणून तुम्ही कसंबसं ४५ मीटरात तिच्या वेगाला येता, थोडक्यात वाचता. पण तीच ट्रॉली पंक्चर होऊन उभी असेल तर ६९ मीटर पाहिजेत आणि तुमच्याकडं आहेत ५०. इथं ड्रायव्हर चांगला की वाईट हा प्रश्नच उरत नाही, दिसायच्या आधीच निकाल लागलेला असतो. दोनच उपाय, रात्री वेग ६० च्या आत आणि ट्रॉलीला रिफ्लेक्टर. रिफ्लेक्टर टेपचा रंग पण ठरलेला आहे, पुढं पांढरा, बाजूला पिवळा, मागं लाल, म्हणजे अंधारात नुसत्या रंगावरून कळतं की गाडी आपल्याकडं येतीय, आडवी आहे का पुढं चाललीय. ऊसवाल्या पाव्हण्यांनो, रिफ्लेक्टर ट्रॉलीच्या पत्र्याला लावून वर ऊस टाकला तर काय उपयोग, ऊस भरून झाल्यावर मागं लोंबतंय तिथं रिफ्लेक्टरची लाल कापडी पट्टी बांधा. आणि उभी करायची वेळ आली तर ट्रॉलीमागं लांबवर काहीतरी ठेवा, झाडाची फांदी ठेवली तरी चालंल पण ५०-६० मीटर मागं, ट्रॉलीला चिकटून नाही. निघताना मात्र ठेवलेल्या फांद्या-दगड रस्त्यात तसेच ठेवून जायचे नाहीत, हे पण सांगायला लागतंय.

ट्रॉलीत माणसं, हा विषय वारीला, लग्नाला आणि तुळजापूरला जाताना येतोच. मालाच्या वाहनातून प्रवासी न्यायला परवानगी नाही, आणि हे फक्त कागदाचं नाही. ट्रॉली उलटली तर तिला छप्पर नाही, धरायला काही नाही, आणि उलटते तेव्हा ती ज्या बाजूला पडते त्याच बाजूला माणसंही पडतात. क्लेम आला की विम्याचा पहिला प्रश्न तोच असतो, ट्रॉलीत कोण कशाला बसलं होतं.

टू-व्हीलरला चेपायला काहीच नाही. पुढचा भाग तुमचं अंग. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त टू-व्हीलरवरची. हेल्मेटच्या आत जो थर्मोकोलसारखा दोन-तीन सेंटिमीटरचा थर असतो ना, तोच तुमचा बॉनेट. बाहेरचं कवच फक्त जोर पसरवतं, चेपायचं काम आतला थर करतो, आणि एकदा चेपला की परत फुगत नाही. म्हणून आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकाचक दिसलं तरी टाकून द्यायचं, आणि रस्त्याकडंला मिळणारी ती प्लास्टिकची टोपी, ज्यात हा थरच नसतो, ती पोलिसासाठी असते, डोक्यासाठी नाही. आयएस ४१५१ असा आयएसआयचा मार्क बघा, आणि पट्टा लावा. बिनपट्ट्याचं हेल्मेट पहिल्या धक्क्यालाच निघून जातं, मग डोकं रिकामं.

"गावातल्या गावात कशाला?" हा प्रश्न. मित्रानं मला पार्क चौकात विचारलेलं, "हेल्मेट घालून काय करलालास बे, लढाईला जालालास का?" त्याला सांगितलं ते इथंही सांगतो. गाडी उभी असताना नुसता तोल जाऊन पडलास आणि डोकं आपटलं, तरी माणसाच्या उंचीवरून ते ताशी २० च्या वेगानं जमिनीला लागतं. गाडीचा वेग त्यात धरलेलाच नाही. उन्हाळ्यात आपल्याकडं ४३-४४ च्या उन्हात हेल्मेटमध्ये डोकं शिजतं हे मान्य, मी पण आत पातळ टॉवेल बांधतो, सोलापुरात टॉवेलला काय तोटा. पण टॉवेल आत, हेल्मेट वर. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं, मागं बसणाऱ्यालाही, आणि चार वर्षांच्या आतलं पोरगं असेल तर त्याला चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा, हेल्मेट आणि वेग ४० च्या आत, असा नियम २०२२ मध्ये निघून पुढच्या वर्षी लागू झाला. टाकीवर पुढं उभं केलेलं पोरगं म्हणजे अचानक ब्रेकला हँडल त्याच्या छातीत, मागून तुमचं वजन. आणि मागचं अर्धं चाक झाकणारी ती साडीगार्ड, ती काढून गाडीला स्पोर्टी लुक देऊ नका, पदर किंवा ओढणी चाकात गेलेले क्लेम मी बघितलेत.

रिक्षाचं थोडक्यात. तीन चाकं, पुढं एकच. वळताना ब्रेक मारला की वजन पुढं जातं आणि तिथं आधाराला एकच चाक, म्हणून ती कोपऱ्यावर कलंडते. त्यात तीनच्या जागी सहा बसवले, एक ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून, की आणखी लवकर. वडापचं, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपचं, वेगळं काय सांगायचं.

हे सगळं डोक्यात ठेवून वेगाचे आकडे वाचले की ते उगीच वाटत नाहीत. केंद्रानं एप्रिल २०१८ मध्ये गाडीच्या प्रकाराप्रमाणं कमाल वेग ठरवले. डिव्हायडर असलेल्या चौपदरी रस्त्यावर कारला १००, नऊ आणि त्यावर प्रवाशांच्या गाडीला ९०, ट्रकला आणि मोटारसायकलला ८०, रिक्षाला ५०. महापालिकेच्या हद्दीत कारला ७०, बस-ट्रक-मोटारसायकलला ६०, रिक्षाला ५०. ही वरची हद्द आहे, टार्गेट नाही, रस्त्यावर बोर्ड कमीचा असेल तर बोर्ड खरा. ट्रकला थांबायला लांब अंतर लागतं म्हणून कमी, मोटारसायकलला चेपायला काही नाही म्हणून कमी, रिक्षा कलंडते म्हणून सगळ्यात कमी.

राँग साईड मात्र सगळ्यांचा लाडका. हायवेला पुढं जाऊन यू-टर्न घ्यायचा तर दीड-दोन किलोमीटर, म्हणून पेट्रोल पंपावरनं उलटं यायचं, "कडंकडंनं". तुम्ही ४० नं, समोरचा १०० नं, दोघं मिळून सेकंदाला जवळपास ३९ मीटर जवळ येता. शिवाय समोरचा तुम्हाला शोधतच नसतो, त्याच्या हिशोबात तिकडून कुणी यायचंच नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर उलट दिशेनं चालवणं हे नुसतं नियम मोडणं राहिलं नाही, धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं जातं, कैदेची तरतूद आहे. आणि चौकात सरळ जायचं म्हणून चारही इंडिकेटर लावणारे, तुमच्या बाजूनं येणाऱ्याला त्यातला एकच दिसतो आणि त्याला वाटतं तुम्ही वळताय. सात रस्त्याला हे करून बघू नका.

पोराला गाडी देणारे बाप. १६ ते १८ मधल्या पोराला ५० सीसीच्या आतलीच मोटारसायकल चालवता येते, ती आता शोरूममध्ये मिळतच नाही, आपल्याकडं जी "लुना" म्हणून चालते तीही १०० सीसीची. नाहीतर २५ च्या वेगाची, २५० वॉटच्या आतली बॅटरीची गाडी, तिला लायसन लागत नाही. बाकी सगळ्यात पोरगं सापडलं तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला २५ वय होईपर्यंत लायसन नाही.

अपघात बघितला तर थांबा, पोलिसात अडकाल ही भीती आता काढून टाका, मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, हे २०१९ पासून कायद्यातच आहे. १०८ ला फोन करा. टू-व्हीलरवाला पडला असेल तर हेल्मेट ओढून काढायची घाई करू नका, श्वास चालू आहे का आणि तोंडात काही अडकलंय का ते बघा, मानेला हिसका नको.

शेवटी जुन्या गाडीच्या गिऱ्हाइकांसाठी एक गोष्ट, कारण ही मला फार वेळा विचारतात. एअरबॅग एकदा फुटली की नवीन बसवायला बराच खर्च येतो, मग काही जण डॅशबोर्ड नुसता शिवून, रंगवून गाडी विकतात. घेताना किल्ली फिरवा, इंजिन चालू करायच्या आधी. मीटरवर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. लागूनच राहिला तर बिघाड आहे. पण अजिबात लागलाच नाही, तर मात्र गाडी तिथंच ठेवून या, कारण बहुतेक वेळा दिव्याची वायर कुणीतरी मुद्दाम काढलेली असते.